ताणलेल्या दोराशेजारी

(दृश्य : पहाट. डभोई रस्त्यालगतचं कपाशीचं शेत. धुक्यात विजेच्या टॉवरांची रांग. टॉवरांवर अजून तार नाही.)

जानेवारीतली सकाळ. बडोदं मागे पडलं, की काळी माती सुरू होते. त्या मातीत हे टॉवर उभे राहिलेत, तार मात्र चढायची आहे. ती ओढून घेणारं यंत्र काल संध्याकाळी ट्रकमागे जोडून इथे आणलं. ट्रेलरवरच बसवलेलं, डिझेल इंजिनाचं. गँगमधली पोरं त्याला नुसतं 'पुलर' म्हणतात. बरीचशी पोरं बंगालमधल्या मालद्याची. फोरमन मात्र आपल्या दांडिया बाजारातले. तीस वर्षं लाइनवर काढलेली. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही काकाच म्हणतो.

बडोद्यातल्या मराठी घरांना यंत्राचं वेड नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं, तेव्हापासून इथे हाताला तेल लागणं कमीपणाचं राहिलं नाही. गुजरातच्या वीजवहन कंपनीचं मुख्यालयही याच शहरात, रेसकोर्सला आहे. तरी शहरातल्या घरात दिवा लावताना हे शेत कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून ही फिल्म.

(दृश्य : टॉवरच्या हातावर टांगलेला रोलर, त्यातून गेलेला पोलादी दोर.)

मोठ्या लाइनची तार जमिनीवरून फरफटवत नाहीत. अॅल्युमिनियमवर ओरखडे पडले, की उच्च दाबाखाली त्याच जागी चरचर सुरू होते आणि वीज हवेत वाया जाते. म्हणून प्रत्येक टॉवरवर रोलर टांगायचे, त्यांतून आधी पोलादी दोर ओवायचा, आणि दोराच्या शेपटीला तार बांधायची. या टोकाला पुलर दोर ओढतो. काही किलोमीटर पलीकडे टेन्शनर तारेला मागे धरून ठेवतो. दोघांच्या मधे तार कायम अधांतरी.

आता वजन बघा. ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या लाइनला 'मूस' नावाची तार वापरतात. अॅल्युमिनियमचे ५४ पदर, आत पोलादाचे ७, जाडी जवळजवळ ३२ मिलिमीटर. एका मीटरला दोन किलो. दोन टॉवरांमधला गाळा ४०० मीटरचा, त्यात १६ मीटर झोल ठेवला, तर एका तारेत साधारण अडीच टन ताण येतो. तारा जोडीने ओढायच्या, म्हणजे पाच टन. वर वाटेतल्या प्रत्येक रोलरचं घर्षण. आणि ही सगळी ओढ बोटभर जाडीच्या एका दोरात, जो आपल्या छातीच्या उंचीवरून यंत्रात शिरतो.

इतक्या ओढीपुढे यंत्राचं स्वतःचं वजन पुरत नाही. दोर यंत्राला टॉवरकडे खेचतो, शिवाय वर उचलतो. म्हणून काका सगळ्यात आधी अंतर पाहतात. रोलर ३० मीटर उंचीवर असेल, तर यंत्र निदान ९० मीटर मागे, तिप्पट. त्याहून जवळ आणलं तर दोर खडा चढतो, ट्रेलरचं नाक उचलतं आणि टॉवरच्या हातावर नको इतका भार येतो. मग यंत्राचं तोंड दोराच्या रेषेत, जॅक खाली, चाकांना लाकडी गुटके. आणि मागे अँकर : खोल खड्ड्यात आडवा पुरलेला ओंडका, त्याला वायर रोपचे फास.

अँकरचा खड्डा काल खणून झाला होता. सकाळी काकांनी त्यात उतरून ढेकूळ हातात घेतलं, दाबलं, आणि बोटांमधून चिखल आला. रात्री शेजारच्या शेताला पाणी सोडलं होतं. काळी माती वरून कोरडी दिसते, आतून लोण्यासारखी सरकते.

"काका, होऊन जाईल एवढ्यात," एक पोरगा म्हणाला.

"होईल रे बाळा, पण यंत्र जागेवर राहील का? दुसरा खण."

दीड तास गेला. तो आम्ही फिल्ममध्ये कापलेला नाही, नुसता वेगाने दाखवला आहे, कारण कामाचा कणा तिथेच आहे.

(दृश्य : काकांच्या हातात कापसाचं बोंड.)

तोवर काकांनी शेतकऱ्याला विचारून कडेच्या झाडावरचं एक बोंड तोडलं. दोर सैल होता, इंजिन बंद. हातमोजे घालून त्यांनी तो कापूस दोरावरून हळूहळू फिरवत नेला. दोरातली तुटलेली बारीक तार डोळ्यांना दिसत नाही, पण कापूस तिथे अडकतो. चाळीसेक पावलांवर पांढरा धागा राहिला. तिथे खडूची खूण झाली, मोजणी झाली. सुटा एक पदर होता, चालण्यासारखा. दोन दोर जोडणारे स्विव्हल हाताने फिरवून पाहिले, ते मोकळे फिरायलाच हवेत, नाहीतर पीळ तारेत जातो. आणि स्विव्हल यंत्राजवळ आला, की ओढ थांबवायची. भाराखाली तो चाकावर चढू द्यायचा नाही, वाकतो.

यंत्राच्या पोटात काय आहे? इंजिन पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो, तेल मोटर फिरवतं, मोटर दोन मोठी खाचांची चाकं फिरवते. ही बुलव्हीलं. दोर दोन्ही चाकांना मिळून अनेक वेढे घेतो, आणि खरी पकड त्या वेढ्यांची. मागचा ड्रम फक्त आलेला दोर गुंडाळतो, पण त्याने शेपूट सैल सोडलं की वेढे घसरतात. म्हणून ड्रमपाशी एक माणूस नजर ठेवून असतो.

तेलाचा दाब दोनशे बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पटींच्या पुढे जातो. नळीला सुईएवढं भोक पडलं, तर बाहेर येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. दिसायला टाचणीची टोच, दुखणंही सुरुवातीला थोडंच. पण आत तेल पसरत जातं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात जातो. कुणाला अशी टोच लागली, तर मलम लावून कामाला परत पाठवू नका. थेट मोठं इस्पितळ, आणि डॉक्टरला सांगायचं की दाबाचं तेल आत गेलंय. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा. नळी सोडवायच्या आधी इंजिन बंद आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, ते बदलायचं, फिल्टरसकट.

(दृश्य : बुलव्हीलवर आणि शेजारच्या चौकटीवर समोरासमोर ओढलेली खडूची रेघ.)

मला यंत्रातला सगळ्यात विश्वासाचा भाग वाटला तो ब्रेक. तो तेलाच्या दाबाने लागत नाही, दाबाने सुटतो. लावून धरतात त्या स्प्रिंगा. नळी फुटली, इंजिन बंद पडलं, दाब गेला, की ब्रेक आपोआप बसतो. पण अस्तर झिजलेलं असेल तर तो बसूनही घसरेल. म्हणून काका दोरावर थोडा भार घेतात, लिव्हर मधे आणतात आणि चाकावरची रेघ चौकटीवरच्या रेघेशी जुळवून उभे राहतात. पाच मिनिटं. रेघ हलली नाही.

मग जमिनीची जोडणी. थोड्या अंतरावर दुसरी, चालू लाइन समांतर जाते. तिच्यामुळे या मोकळ्या दोरातही विजेचा दाब उतरतो, हात लावला तर माणूस फेकला जाईल एवढा. यंत्राला अर्थिंग, यंत्रापुढे दोरावर फिरत्या रोलरचं अर्थिंग, ऑपरेटरच्या पायाखाली यंत्राला जोडलेली धातूची जाळी, आणि भोवती दोरी बांधून बंदी. ओढ चालू असताना जमिनीवरून कुणी यंत्राला हात लावायचा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा हातात द्यायची नाही.

साडेअकराला वॉकीटॉकीवर पलीकडून "तैयार" आलं. दोर माणसाच्या चालीने सरकू लागला. आवाज इतका शांत, की मला भीती वाटली नाही. मी कॅमेरा घेऊन पलीकडची बाजू टिपायला निघाले आणि दोराखालून जायला वाकले. काकांचा हात वर गेला, त्याच क्षणी यंत्र थांबलं.

"ताई, वळसा घालून. अँकरच्याही पलीकडून."

ते ओरडले नाहीत. मी वळसा घातला, तो दोनशे पावलांचा होता. परतल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका ठेकेदाराच्या कामावर, तारा धरणारी पट्टी रोलरमध्ये अडकली. पुलरला ओढीची मर्यादा लावलेली असते. ती गाठली आणि यंत्र थांबलं. वर चढून बघायला अर्धा तास लागला असता. वरिष्ठांचं फर्मान आलं, मर्यादा वाढवा. ती वाढवली. जोड तुटला, दोर मागे झेपावला, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराचा पाय गुडघ्याखाली गेला. लिव्हर काकांच्या हातात होती.

दुपारी दोनला इथलं यंत्रही थांबलं. काट्याने मर्यादेची खूण गाठली होती. ऑपरेटरने काकांकडे पाहिलं, काकांनी मर्यादेच्या नॉबकडे पाहिलंही नाही. दोघं जण पट्टा बांधून सहाव्या टॉवरवर चढले. रोलरच्या खाचेत पट्टी तिरकी बसली होती. थोडी ढील, एक धक्का, आणि वॉकीवर "चलो". चाळीस मिनिटं.

वॉकीचा इथला नियमही ऐका : "रुको" कुणीही म्हणावं, "चलो" एकानेच. आणि वॉकी गप्प झाली, तर यंत्र थांबवायचं.

(दृश्य : संध्याकाळ. क्लॅम्पमध्ये धरलेल्या तारा, त्यांवर मावळतं ऊन.)

सहाच्या सुमारास तारा पोचल्या. क्लॅम्प लावून त्यांचा भार अँकरवर घेतला, मग दोर हळूहळू सैल केला. इंजिन बंद झालं. काका घड्याळासमोर उभे राहिले, काटा शून्यावर टेकेपर्यंत. मग अर्थिंगची पकड हाताने चाचपून पाहिली.

"या ताई, आता लावा हात."

दिवसभर ऊन खाल्लेला दोर कोमट होता. कापूस अडकला होता ती खडूची खूण आता ड्रमच्या आतल्या थरांत गेली होती, म्हणून काकांनी ड्रमलाच लाल फीत बांधली.