आवली पहिल्या नंबरवर

नमस्कार मंडळी.

मंडळाच्या कमिटीनं मला विषय दिला होता 'मराठी चित्रपटाचा सुवर्णकाळ'. तो मी थोडा वळवून घेतलाय, कारण सध्या आमच्या घरात थोर मराठी चित्रपटांच्या यादीवरनं भांडण चाललंय आणि ते अजून मिटलेलं नाही. मिटावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

'साइट अँड साउंड' हे इथलं, ब्रिटनमधलं चित्रपटांचं मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं, की तुमच्या मते सगळ्यात थोर दहा चित्रपट कोणते? पहिल्या वर्षी 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला. 1962 पासून 2002 पर्यंत 'सिटिझन केन' हललाच नाही. 2012 ला 'व्हर्टिगो' आला. आणि 2022 ला पहिल्यांदाच एका बाईनं दिग्दर्शित केलेला चित्रपट पहिल्या नंबरवर गेला. शांताल अकेरमानचा 'ज्यान दिलमान', 1975 चा. तेव्हा ती जेमतेम पंचविशीत होती.

आमची मुलगी कॉलेजात फिल्म स्टडीज शिकते. तिला तो अभ्यासाला होता, म्हणून आम्ही तिघंही बसलो. तीन तास एकवीस मिनिटं! ब्रसेल्समधली एक विधवा बाई, एक मुलगा आणि तीन दिवस. बाई बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घडी करते, खोलीतनं निघताना आठवणीनं दिवा मालवते. दुसऱ्या दिवशी काहीतरी बिनसतं, बटाटे जास्त शिजतात, आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. शेवटी काय होतं ते सांगत नाही, ज्यांना पाहायचाय त्यांनी पाहावा.

आमच्या ह्यांना मधे डुलकी लागली. मुलगी मात्र डोळे लावून पाहत होती. संपल्यावर ती म्हणाली, "आई, हे आजीचं स्वयंपाकघर आहे." आणि पाठोपाठ, "आजीवर असा पिक्चर कुणी काढलाय का गं?"

आजी म्हणजे माझी आई. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं घर, पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठलेली बाई. रविवारी तांबडा, पांढरा, सुकं, दही-कांदा, जोतिबाच्या यात्रेला आलेली माणसं, पंक्तीमागनं पंक्ती, आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर उरलेल्या रश्शात भाकरी कुस्करून बसणारी ती. पिक्चरला जायची ती फक्त तीन ते सहाला. दुपारचं आवरून निघायचं आणि दिवेलागणीच्या आत परत चुलीपाशी. त्या खेळाला लेडीजमध्ये सगळ्या अशाच बायका असायच्या. पोरगी एका वाक्यात जे म्हणाली, ते इतकी वर्षं त्या घरात वाढून मला कुणी म्हणून दाखवलं नव्हतं.

त्या रात्री मी तिला म्हटलं, काढलाय. 1936 साली काढलाय, आपल्या माणसांनी काढलाय. आणि 'संत तुकाराम' लावला.

त्या चित्रपटाबद्दल आपण काय सांगतो? तुकोबा झालेल्या पागनीसांचे अभंग, शेवटचं विमान आणि 1937 ला व्हेनिसला झालेला गौरव. सगळं खरं. पण मला दिसते ती गौरी या नटीनं केलेली आवली. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, म्हशीचं करायचं आणि नवरा विठ्ठलात. ती तडक देवळात जाऊन विठोबाला जाब विचारते. महाराजांचा नजराणा तुकोबा परत पाठवतात तेव्हा घरात काय शिजणार हा प्रश्न तिलाच पडतो. वैकुंठाला निघायची वेळ येते तेव्हाही तिचा जीव चुलीत. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांचं मोठेपण मला इथं वाटतं: तुकोबांना थोर दाखवायला त्यांनी आवलीला खोटी पाडलेली नाही. तिचं रागावणं बरोबर आहे हे कॅमेऱ्याला कळतं. आपल्या कीर्तनांतनं तिला कजाग म्हणायची पद्धत पडली आहे, ती निदान माझ्यासाठी तरी या चित्रपटानं मोडली.

म्हणून माझ्या यादीत 'संत तुकाराम' पहिला. दुसरा 'कुंकू', 1937 चा. फसवून म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न मी मानत नाही, असं त्याच घरात उभं राहून सांगणारी शांता आपटेंची नीरा. पडद्यावर असं बोलायला छाती लागत होती, आणि आज मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाची आपली रीत पाहिली की वाटतं, अजूनही लागते. तिसरा भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं', 1965. तुम्ही सगळे आत्ताच मनात 'ऐरणीच्या देवा' म्हणायला लागलात, दिसतंय मला! खेबुडकरांचं गाणं थोर आहेच. पण गाण्यापलीकडं त्यात लोहाराचा संसार आहे, नवऱ्याबरोबर राबणारी बायको आहे, आणि गाव सोडून शहरात गेल्यावर त्या संसाराचं काय होतं ते आहे. या हॉलमध्ये बसलेल्या कुणाला ती गोष्ट परकी आहे?

भांडण सुरू झालं ते चौथ्यापासनं. ह्यांच्या यादीत 'सामना' पहिला आणि 'पिंजरा' दुसरा. 'सामना' मला मान्य आहे. तोही 1975 चाच, त्या बेल्जियमच्या बाईच्याच वर्षीचा. मारुती कांबळेचं काय झालं हे महाराष्ट्र अजून विचारतोच आहे. पण 'पिंजरा' मी आठव्या नंबरला ठेवला आणि घरात जेवणं मुक्यानं झाली. राम कदमांच्या संगीतापुढं मी हात जोडते. डॉक्टर लागूंसारखा मास्तर पुन्हा होणार नाही. तरी त्या गोष्टीत बाई कशासाठी आहे? चांगल्या माणसाला खाली ओढायला. 1972 साली ते खपून गेलं. आज लेकीशेजारी बसून पाहताना मला ते खपत नाही, आणि आवडत्या चित्रपटाला असं म्हणायचा हक्क पाहणाऱ्याला असलाच पाहिजे.

आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सांगत्ये ऐका. दुसरं नको." विषय संपला.

मुलीनं मग तिचा नेहमीचा प्रश्न विचारला: 'साइट अँड साउंड'च्या 2022 च्या पहिल्या शंभरात आपलं काय आहे? भारतातला एकच. सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली', पस्तिसावा. त्याचीही हकीगत ऐका. 1993 ला इथंच, लंडनमध्ये, त्याच्या मूळ निगेटिव्हला आग लागली. जळके, वितळलेले तुकडे कुणीतरी फेकून न देता जपून ठेवले. पुढं अमेरिका आणि इटलीतल्या तंत्रज्ञांनी ते तुकडे फ्रेम फ्रेम करून सोडवले, जिथं काहीच उरलं नव्हतं तिथं दुसऱ्या प्रतींवरनं भर घातली, आणि 2015 ला नवी प्रत पडद्यावर आली. म्हणजे यादीत बसायच्या आधी चित्रपटाला शिल्लक राहावं लागतं.

आता आपल्या गावाकडं पाहा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला. खरी कॉर्नरवरनं जाताना त्याचं स्मारक आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसे दिले तानीबाई कागलकर या गायिकेनं. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषानं केली होती. बाबूरावांच्या 1920 च्या 'सैरंध्री'त बायका उभ्या राहिल्या, समाजाचे बोल खाऊन. दामले, फत्तेलाल, शांताराम, सगळे त्याच तालमीतले. 1925 ला बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. सावकारानं जमीन लुबाडलेला शेतकरी, आणि तो तरुण शेतकरी कोण, तर व्ही. शांताराम. 'बायसिकल थीव्ह्ज'च्या तेवीस वर्षं आधी! हा मूकपट आज कुणालाच पाहता येत नाही. प्रत उरलेली नाही. त्या काळची रिळं नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. पुष्कळशी तर त्यातली चांदी काढायला विकली गेली. 2003 च्या जानेवारीत पुण्यात जी आग लागली तिच्यात 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीचीही रिळं होती.

'सावकारी पाश' माझ्या यादीत कितवा? सांगा तुम्हीच. न पाहिलेल्या चित्रपटाला नंबर कसा देऊ?

इथं मी मंडळाला थोडं रागावणार आहे, माहेरच्या माणसासारखं. 2022 ची यादी आली तेव्हा आपल्या ग्रुपवर किती संतापाचे मेसेज फिरले! मराठीवर अन्याय, गोऱ्यांना काय कळतं, वगैरे. त्यातल्या कितीजणांनी 'कुंकू' सुरुवातीपासनं शेवटपर्यंत पाहिला आहे? आपल्याला गाणी येतात. अंताक्षरीत आपण पहाटेपर्यंत हरत नाही. तेव्हा मुलं कुठं असतात? शेजारच्या खोलीत, पिझ्झा आणि टॅब देऊन बसवलेली. गणपतीला, दिवाळीला आपण दरवेळी नवीन विनोदी सिनेमा आणतो, कारण तिकिटं खपतात. आणावा, हसावंही. पण आजवर एकदाही प्रभातचा चित्रपट या मंडळानं मोठ्या पडद्यावर दाखवलेला नाही, आणि तो इथं आपण नाही दाखवला तर दुसरं कोण दाखवणार आहे?

मला भीती वाटते ती वेगळी आहे. समजा दाखवला. चांगली प्रत मिळाली, इंग्रजी सबटायटल मिळाली. सबटायटलमधनं आवलीच्या शिव्या पोचतील का? ती ज्या तोऱ्यात नवऱ्याला बोलते, त्या बोलण्यात किती माया आहे हे वाचून कळेल का? आमची पोरगी आजीच्या हातचं जेवून वाढली, उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिनं त्या स्वयंपाकघरात काढल्या, म्हणून तिला दिसलं. ज्यांनी आजीला फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, त्यांना आवलीत काय दिसेल? मी पुष्कळ विचार केला, उत्तर सापडलेलं नाही. पुढची यादी 2032 ला येईल. तेव्हा मत देणाऱ्यांत आपल्याकडचं एखादं पोर असू शकतं. ते कुणाला मत देईल, हे आपण त्याला आत्ता काय दाखवतो यावरच ठरेल असंही मी छातीठोक सांगू शकत नाही.

तरी एक मागणं आहे. प्रत्येक घरानं आपली दहा मराठी चित्रपटांची यादी करावी. अट एवढीच, की त्यातला प्रत्येक चित्रपट घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलेला असावा. भांडणं होतील, होऊ द्यात. नंबर मुलांना लावू द्या, आणि 'पिंजरा' कुणी पहिला ठेवला तर ती यादी आमच्या घरी आधी पाठवा, हे आनंदानं फ्रेम करतील. फेब्रुवारीत हा हॉल एका रविवारी रिकामा आहे असं सेक्रेटरी म्हणाल्या. दुपारी तीन ते सहा मिळतोय. नावं आजच बाहेरच्या टेबलावर द्या, म्हणजे भाडं भरता येईल.