सामर्रा: 56 वर्षांची राजधानी

(दृश्य: पहाट. ड्रोन नदीवरून मनोऱ्याकडे सरकतो.)

पायथा चौकोनी. त्यावर विटांची चढण, दोराला पीळ द्यावा तशी गोल फिरत वर गेलेली. प्रत्येक फेऱ्यागणिक घेर कमी होतो. उंची 52 मीटर. जिना मनोऱ्याच्या पोटात नाही, अंगावर आहे. अरबीत याला मलविया म्हणतात, म्हणजे पीळ घातलेली.

ही तैग्रिस नदी आणि हे सामर्रा. बगदादच्या उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटर.

मनोऱ्याच्या शेजारची भिंत बघा. आत मशीद होती. लांबी सुमारे 240 मीटर, रुंदी 156 मीटर. भिंतीला 44 बुरूज. खलिफा, म्हणजे इस्लामी साम्राज्याचा प्रमुख, मुतवक्किल याच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्यावर हे काम उभं राहिलं. छप्पर गेलं, खांब गेले. भिंत मात्र आहे.

मशिदीचं काम होऊन फार दिवस झाले नव्हते, किंवा अजून चालूच होतं, तेव्हाची गोष्ट. 851 साली अरब व्यापाऱ्यांच्या सफरींची एक हकिकत लिहिली गेली. तीत जगातले चार थोर राजे मोजले आहेत: अरबांचा, चीनचा, रूमचा (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा) आणि चौथा बल्हारा. बल्हारा म्हणजे वल्लभराज, आपल्या दख्खनचे राष्ट्रकूट. त्या वेळी मान्यखेटच्या गादीवर अमोघवर्ष होता.

(दृश्य: दमास्कसची मशीद. भिंतीवरचं सोनेरी मोझॅक.)

इथवर खिलाफत कशी आली? प्रेषित मुहंमद 632 साली गेले. त्यानंतर शंभर वर्षं व्हायच्या आत त्यांच्या अनुयायांची सत्ता स्पेनपासून सिंधपर्यंत पोचली. 661 पासून राजधानी दमास्कस आणि घराणं उमय्यांचं. ही मशीद त्यांचीच. मोझॅकमध्ये झाडं आहेत, नदी आहे, नदीकाठची घरं आहेत, माणूस एकही नाही. 750 साली पूर्व इराणकडच्या खोरासानातून बंडखोरांचे काळे झेंडे आले आणि उमय्या गेले. अब्बासी घराणं आलं. त्यांनी 762 साली बगदाद वसवलं, गोल आखणीचं आणि चार वेशींचं. त्या गोल शहराची आज वीटही दाखवता येत नाही.

म्हणूनच सामर्रा मोलाचं आहे. अब्बासींची राजधानी जमिनीवर वाचता येते ती इथेच.

(दृश्य: आकाशातून. मातीत उमटलेल्या रस्त्यांच्या रेषा.)

836 साल. खलिफा मुअतसिमने आपलं सैन्य नव्याने उभारलं होतं. मध्य आशियातून तुर्क पोरं विकत आणली, घोड्यावर बसवली, धनुष्यबाण दिले. ही पलटण बगदादच्या बाजारांतून घोडी फेकत जायची. म्हातारी माणसं, मुलं टापांखाली यायची. लोक चिडले, सैनिकांचे मुडदे पडू लागले. अखेर खलिफाने राजधानीच हलवली.

त्या शतकात याकूबी नावाचा भूगोलकार होऊन गेला. त्याने हे शहर वसताना काय काय झालं ते बारकाईने लिहून ठेवलंय, आणि आमचा जीव त्या तपशिलांत अडकतो. नदीकाठी ख्रिस्ती साधूंचा एक मठ होता. ती जागा 4000 दिनार देऊन विकत घेतली. मग कारागीर बोलावले. गवंडी, सुतार, लोहार, संगमरवर कापणारे. बसऱ्याहून काच करणारे, कुंभार, चटया विणणारे आले. इजिप्तहून कागदासाठी पपायरस करणारे आले. ज्याला जे येतं त्यासाठी त्याला आणलं, आणि बायकामुलांसकट इथेच घर दिलं.

तुर्कांच्या वस्त्या शहरापासून लांब ठेवल्या. बाजारात मिसळायचं नाही. त्यांच्यासाठी दासी विकत आणल्या, लग्नं लावून दिली, बाहेर सोयरीक करायला बंदी घातली. त्या बायकांची नावंही दिवाणातल्या वह्यांत चढवली आणि त्यांना रोजमुरा बांधून दिला. नवऱ्याने टाकायचं नाही, असा दंडक होता.

(दृश्य: संग्रहालयातला गिलावा, जवळून. मग सागवानी फळी.)

महालांच्या भिंती कच्च्या विटांच्या, म्हणून वर हा गिलावा. ओल्या गिलाव्यात साचा दाबायचा आणि कडा तिरक्या कापायच्या. एका हाताने शेकडो हात भिंत सजते. घाईत वाढणाऱ्या शहराने शोधलेली ही रीत पुढे कैरोपर्यंत गेली. 1911 ते 1913 या काळात जर्मन पथकाने इथे खोदकाम केलं. त्यातला बराच ऐवज आज बर्लिनमध्ये आहे.

आणि हे लाकूड. साग इराकच्या मातीत होत नाही. अरबीत त्याला साज म्हणतात. तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून जहाजांनी बसऱ्याला जायचा, तिथून नदीने वर. या फळीवरही तोच तिरका काप आहे, गिलाव्यावर होता तो.

(दृश्य: उत्तरेकडचं मोकळं रान. कालव्याचा कोरडा चर.)

सामर्रा नदीकाठी आहे, पण काठ उंच. पाणी पखालींतून, खेचरांच्या पाठीवरून यायचं. मुतवक्किलने उत्तरेला आणखी एक नवं शहर बांधायला काढलं, त्यासाठी हा कालवा खणला. पाणी नीट वाहिलं नाही. तिथे तो जेमतेम नऊ महिने राहिला. 861 च्या डिसेंबरात त्याच्याच तुर्क सैनिकांनी त्याला मारलं. कटात त्याचा मुलगा होता, असं सांगतात. त्या मुलाने लोकांना नवं शहर सोडायला लावलं. घरं पाडून माल परत सामर्राला आणला.

पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले. 869 साली सैनिकांनी खलिफा मुअताजकडे थकलेला पगार मागितला. खजिना रिकामा होता. त्याने आईकडे पैसे मागितले, तिने नाही म्हटलं. त्याला ओढत बाहेर आणून उन्हात उभं केलं, मारलं, कोंडलं. तो गेला. आईने दडवलेलं धन नंतर सापडलं.

ज्या फौजेसाठी हे शहर वसवलं, तिचाच पगार भागेना. दूरच्या प्रांतांचा वसूल तिकडेच राहू लागला होता. 892 साली राजधानी परत बगदादला गेली. 945 साली बगदाद बुवैही सरदारांच्या हाती आलं, खलिफाकडे नाव उरलं. 1258 साली मंगोल आले.

(दृश्य: मनोऱ्याचं टोक, जवळून. तुटलेला कठडा.)

2005 च्या एप्रिलमध्ये इथे स्फोट झाला, त्यात मनोऱ्याच्या माथ्याची पडझड झाली. 2007 साली युनेस्कोने सामर्रा जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही घातलं.

(दृश्य: मावळतीचं तिरपं ऊन. ड्रोन हळूहळू वर.)

नदीच्या कडेने हे शहर चाळीस किलोमीटरहून लांब पसरलं होतं. त्यातला सुमारे 80 टक्के भाग अजून कुणी खोदलेला नाही. हा राजरस्ता. या पागा. आणि पलीकडे, शहरापासून दूर, एकसारख्या मापाच्या खोल्यांची ही रांग दिसते ती सैनिकांची घरं.