दुसऱ्यांदा आलेला फोन

(आवाजाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी घेतलेल्या कार्यशाळेतलं व्याख्यान, संपादित)

नमस्कार. सकाळी तुमच्याकडून जे फॉर्म भरून घेतले, त्यात एक प्रश्न होता : पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? चहाच्या सुट्टीत मी ते फॉर्म चाळले. बहुतेकांचं उत्तर थोड्याफार फरकानं एकच आहे. मोठ्या सिनेमाच्या नायकाला किंवा नायिकेला आवाज द्यायचाय. काहींनी 'पुष्पा' लिहिलंय, काहींनी 'बाहुबली'.

इच्छा चांगली आहे, पण ती जरा उलगडून बघू. डिसेंबर २०२१ मध्ये 'पुष्पा' हिंदीत आला आणि अल्लू अर्जुनच्या तोंडी श्रेयस तळपदेचा आवाज घरोघरी गेला. त्याआधी २०१५ आणि २०१७ मध्ये प्रभासचा हिंदी बाहुबली शरद केळकरच्या आवाजात बोलला. दोघं मराठी, म्हणून आपल्याला कौतुक जरा जास्तच. पण 'पुष्पा'च्या माइकसमोर उभं राहण्याआधी श्रेयस काय करत होता? रंगभूमी, मराठी मालिका, २००५ चा 'इक्बाल', पुढे कितीतरी सिनेमे. केळकरही तोवर मालिका-सिनेमांत मुरलेला नट होता. लहानपणी आपण अडखळत बोलायचो, हे त्यानं स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. म्हणजे ते पद 'आवाज कलाकारा'च्या शिडीवरून चढत गेलं की हाती लागतं, असं नाही. एवढ्या मोठ्या नायकाचा आवाज कोणाचा, हे निर्माता ठरवतो, वितरक ठरवतो, कधी खुद्द तो नट ठरवतो. तुमचं त्यात काही चालत नाही. जे आपल्या हातात नाही ते स्वप्न म्हणून खुशाल उशाशी ठेवा. पण उद्या सकाळी उठून काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

मग ध्येय कसलं ठेवायचं? माझं उत्तर तुम्हाला फारच किरकोळ वाटेल. ज्या माणसानं तुम्हाला एकदा काम दिलं, त्यानं आपणहून दुसऱ्यांदा फोन करावा, हे ध्येय ठेवा. पहिलं काम ओळखीनं मिळतं, नशिबानं मिळतं, कोणी आयत्या वेळी आजारी पडलं म्हणूनही मिळतं. दुसरं तसं मिळत नाही.

हे का म्हणते, ते कळायला आपला बाजार कसा चालतो ते बघावं लागेल. समजा, एखादी परदेशी मालिका मराठीत करायची आहे. मुख्य तीन-चार पात्रांसाठी व्हॉइस टेस्ट होते, नमुने क्लायंटकडे जातात, तिकडून मंजुरी येते. पण मालिकेत बोलणारे लोक चाळीस असतात. दुकानदार, शेजारीण, पोलीस, शाळेतली बाई, बातम्या देणारा. त्यांच्यासाठी कोणी टेस्ट घेत बसत नाही. डबिंग दिग्दर्शक को-ऑर्डिनेटरला सांगतो, अमक्याला बोलव. स्टुडिओचं भाडं तासावर चालू असतं, रेकॉर्डिस्टला नंतर दुसरं सत्र असतं, आणि एपिसोड शुक्रवारी द्यायचा असतो. अशा वेळी दिग्दर्शकाला सगळ्यात सुंदर आवाज आठवत नाही. वेळेवर येणारा, वीस मिनिटांत चार पात्रं उरकून देणारा आणि उगाच वाद न घालणारा माणूस आठवतो. या धंद्यातल्या बहुतेकांची मीठभाकरी त्या चाळीसांतल्या उरलेल्या छत्तीसांवर चालते.

आता बूथमध्ये काय होतं ते जरा जवळून सांगते, कारण 'आवाज चांगला आहे' एवढ्या भांडवलावर आत शिरलेल्यांची तिथेच गाळण उडते.

समोर स्क्रीन, बाजूला स्टँडवर संवाद, कानात मूळ भाषा. काचेपलीकडे दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट, ते टॉकबॅकवरून बोलणार. तुमचं वाक्य येतं. मूळ इंग्रजी नटानं 'मेबी' म्हटलंय, आणि क्लोजअप आहे. 'म'ला ओठ मिटले, 'ब'ला पुन्हा मिटले. लेखकानं भाषांतर केलंय 'कदाचित'. त्यात एकाही ठिकाणी ओठ मिटत नाहीत. तुम्ही कितीही छान म्हणा, पडद्यावर ते खोटं दिसणार. दिग्दर्शक म्हणतो, 'बघू' करून बघ. 'ब'ला ओठ मिटतात, लांबी जमते, भावही जवळपास तोच राहतो. आता हे 'बघू' तुम्हाला लगेच, त्याच सुरात, त्याच क्यूवर टाकता आलं पाहिजे. मूळ नटानं वाक्याआधी श्वास घेतलाय. तो पडद्यावर छातीत दिसतो, म्हणून तोही द्यायचा. नवी मुलं शब्द बरोबर देतात आणि श्वास विसरतात. मग पडद्यावरचा माणूस जिवंत आणि आवाज मात्र कागदावरून आलेला, असं काहीतरी विचित्र होतं.

आणि पंच. अर्ध्या वाक्यात चुकलात तर रेकॉर्डिस्ट तेवढाच तुकडा पुन्हा घेतो. मागचे दोन शब्द ऐकू येतात आणि तिथून तुम्ही पुढे उचलायचं, त्याच उंचीवर, त्याच अंतरावरून. उत्साहाच्या भरात माइककडे चार बोटं पुढे सरकलात की जोड ऐकू येतो. मारामारीचं दृश्य असेल तर हुंकार, धापा, दात-ओठ खाणं, पडणं, उठणं. आमच्याकडे याला एफर्ट्स म्हणतात. हे सहसा सत्राच्या शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. तुम्ही नवे असाल आणि कोणी पहिल्याच तासाला किंकाळ्या घेऊ लागला तर नम्रपणे म्हणा, 'सर, हे शेवटी घेऊ का?' त्यानं राग येत नाही. उलट माणसाला काम माहीत आहे, हे कळतं.

म्हणजे दुसरा फोन कशावर येतो हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यातली बरीचशी गोष्ट घरी बसून कमावता येते. पहिली म्हणजे न बघता वाचणं. आधी नजर न टाकलेला मजकूर थेट मोठ्यानं वाचायचा. वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या, कारण त्यात लांब वाक्यं असतात आणि कर्ता कुठल्या कुठे असतो. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना अडखळलात तिथे खूण करा. आज एका लेखात बारा खुणा असतील तर दिवाळीपर्यंत चार करायच्या. हे झालं मोजता येणारं ध्येय. 'आवाज सुधारायचाय' हे ध्येय नव्हे. ते फॉर्ममध्ये लिहायला बरं दिसतं, इतकंच.

दुसरी गोष्ट उच्चारांची. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' वेगळे, 'जाऊ' आणि 'जागतिक' यांतले दोन 'ज' वेगळे. हिंदी जास्त बोलणाऱ्या आपल्या शहरी मुलांचे ते सरसकट एक झालेत. कान तयार करा. 'न' आणि 'ण'चंही तेच. पण इथे एक सांगते, आणि यावर काही जुन्या मंडळींशी माझं पटत नाही. प्रमाण उच्चार शिका म्हणजे स्वतःची बोली पुसून टाका, असं नव्हे. तुमच्यात कोणी यवतमाळचे आहेत, कोणी बीडचे, कोणी सावंतवाडीचे. दाक्षिणात्य सिनेमे आता मराठीत डब होऊन टीव्हीवर लागतात, मुलांच्या वाहिन्यांवरची कार्टून मराठीत बोलतात, २०२३ पासून आयपीएलचं समालोचन मोबाइलवर मराठीत ऐकू येतं. बियाण्याच्या जाहिरातीला पुणेरी आवाज कोण घेणार? अस्सल वऱ्हाडी बोलणारा माणूस शोधताना आमची दमछाक होते, आणि तो माणूस तिकडे क्लास लावून आपली वऱ्हाडी घालवत बसलेला असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सूचना घेणं. 'जरा हलकं कर' म्हटलं की आवाज बारीक करणारे पुष्कळ. हलकं म्हणजे भार कमी, आवाज तोच. दिग्दर्शकांच्या अशा अर्धवट बोलण्यातून नेमकं काय हवंय ते ओळखणं, हे वर्षभराचं शिक्षण आहे. नाटकाच्या तालमीत ते फुकट मिळतं. तुमच्या गावात हौशी संस्था असेल, राज्य नाट्य स्पर्धेला नाटक बसवत असेल, तर आधी तिथे जा. महागड्या 'व्हॉइस ओव्हर कोर्स'कडे नंतर बघू.

आकाशवाणीबद्दल नेहमी विचारतात. अमिताभ बच्चनना आकाशवाणीनं नाकारलं, ही गोष्ट आता इतकी घासली गेलीय की तिच्यातून कोणाला धीर मिळतो असं मला वाटत नाही. मला त्यापेक्षा आकाशवाणीची श्रेणी महत्त्वाची वाटते. नाट्य कलाकारांना तिथे बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. आपल्या बेभरवशाच्या क्षेत्रात अशी आखीव पायरी दुसरीकडे कुठे नाही. मानधन फार नाही. पण जाहिरात निघाली की अर्ज करा. श्रेणी मिळणं हे ठरवून गाठायचं ध्येय होऊ शकतं. शिवाय निव्वळ आवाजावर उभं आयुष्य मोठं होतं, हेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९८८ साली सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेतला 'समय' म्हणजे हरीश भिमाणी. चेहरा नाही, पात्र नाही, फक्त निवेदन.

निवेदनावरून ऑडिओबुककडे येते. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं आणि मराठी पुस्तकं वाचण्याचं कामही उभं राहिलं. इथे गुण वेगळे लागतात. डबिंगमध्ये चपळाई, इथे टिकाव. आठ तासांचं पुस्तक एका बैठकीत होत नाही. मंगळवारचा आवाज शुक्रवारी तसाच लागला पाहिजे, म्हणून सुरू करण्याआधी मागच्या दिवसाची दोन मिनिटं ऐकायची. तयार एका तासामागे रेकॉर्डिंगला दोन-तीन तास सहज जातात, तेव्हा दर ठरवताना ते धरा. घरून करणार असाल तर रेकॉर्डिंगमध्ये उतरणारा खोलीचा आवाज उणे साठ डेसिबलच्या खाली असावा, म्हणजे जवळजवळ ऐकूच येऊ नये, अशी ऑडिओबुकची प्रचलित अट असते. आपल्या घरात पंखा, फ्रिज, शेजारचा कुकर आणि कावळे. महाग माइक पुढच्या वर्षी घ्या. या वर्षी बाहेरचे आवाज अडवायला कपड्यांचं कपाट, दोन गोधड्या आणि पहाटेची वेळ.

आता एआय. तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच बोलते. फोनवरच्या 'एक दाबा, दोन दाबा' छाप सूचना, कंपन्यांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ, स्वस्तातल्या जाहिराती, हे काम यंत्राकडे सरकू लागलंय. नवीन मुलं पूर्वी त्यावर तग धरायची, म्हणून मला काळजी तुमचीच आहे. अमेरिकेत व्हिडिओ गेममधल्या कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये याच मुद्द्यावर संप पुकारला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. त्याच जुलैमध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिला. पण अरिजितचा आवाज जग ओळखतं. तुमची नक्कल झाली तर ती तुमची आहे हे सिद्ध करतानाच नाकीनऊ येतील. म्हणून सहीच्या आधी करार वाचायचा. 'कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी, कोणत्याही तंत्रज्ञानाने' असं वाक्य दिसलं की थांबायचं. या रेकॉर्डिंगवरून कृत्रिम आवाज तयार करता येणार नाही, एवढी ओळ घालून मागायची. नव्याला कोण विचारतं, असं म्हणाल. पण ईमेलवर लेखी मागितलेलं तरी राहतं, आणि काही जण ओळ घालूनही देतात. मुंबईत आवाज कलाकारांची संघटना आहे. काम सुरू झालं की सदस्य व्हा.

पैशाचं थोडक्यात. डबिंगचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, टीडीएस कापून येतात, आणि कधीकधी मागे लागल्यावर येतात. एक वही ठेवा : तारीख, स्टुडिओ, काम, कोणी बोलावलं, बिल किती, पैसे कधी आले. आणि शेवटी एक रकाना, 'पुन्हा बोलावलं?' सहा महिन्यांनी तो रकाना वाचा. कार्टूनवाले पुन्हा बोलावतात आणि जाहिरातवाले नाही, हे तुम्हाला त्या वहीत दिसेल, आणि पुढच्या सहा महिन्यांचा डेमो, म्हणजे काम मागताना ऐकवायचा नमुना, कसला बनवायचा तेही तिथेच कळेल. माझ्या ओळखीत गोड, तरुण आवाजाच्या बायका आहेत ज्यांना वाटत होतं आपण जाहिरातींसाठी जन्मलो. त्यांचं घर चाललं ते खाष्ट सासवा आणि चेटकिणी करून.

एका चिठ्ठीत प्रश्न आलाय : 'सांगलीत नोकरी आहे, ती सोडून मुंबईला यावंच लागेल का?' डबिंग करायचं असेल तर हो, कारण ते बहुतांश अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत होतं आणि फोन आज सकाळी येतो, काम आज दुपारी असतं. पुस्तकवाचन, माहितीपट, स्थानिक जाहिराती सांगलीतून होतील. नोकरी आत्ता सोडू नका. वर्षभर कपाटातून काम करा, आकाशवाणीचा अर्ज भरा, सुट्टी काढून मुंबईत दोन-चार व्हॉइस टेस्ट देऊन या. वहीतल्या त्या शेवटच्या रकान्यात तीन वेगवेगळी नावं 'हो' म्हणून आली आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला पडलं, की मग राजीनाम्याचं बोलू. पुढची चिठ्ठी द्या.