बैठकीत रजिस्टर नको

नमस्कार श्रोतेहो. गावोगाव, वस्तीवस्तीत काम करणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई, संस्थांच्या कार्यकर्त्या यांचं मन थकतं, त्यावर काय करायचं, हा आजचा विषय. सुरुवात अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडच्या मुक्ताबाई पोळ यांच्यापासून.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या, पुष्कळशा अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. मुक्ताबाई त्यांतल्याच. १९८८ साली त्या थेट वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. समोर आरोग्यक्षेत्रातली जाणकार मंडळी, डोक्यावर झगमगती झुंबरं. बाई म्हणाल्या, झुंबरं सुंदर आहेत, पण बघायला हजारो मैल यावं लागतं. डॉक्टरही तसेच, देखणे, महाग आणि हाताशी नसलेले. मग पर्समधून त्यांनी वातीचे दोन दिवे काढले. एक पेटवला, त्याच्या ज्योतीवर दुसरा लावला. हा दिवा साधा, स्वस्त. पण झुंबराला जमत नाही ते याला जमतं, आपला उजेड दुसऱ्या दिव्याला देता येतो. मी असा दिवा आहे, म्हणाल्या. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं!

गोष्ट सांगणारे बहुधा इथंच थांबतात. पण एवढं ठाम बोलायचं बळ आलं कुठून? या सेविका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या. नवं शिकायच्या आणि गावातल्या अडचणी एकमेकींपुढे मांडायच्या. दर आठवड्याला, बरं का. वर्षातून एकदा सत्कार करून मोकळं व्हायचं, असं नव्हतं.

सत्कारावरून आठवलं, त्या शाली आता पुरे करा. भर उन्हात फिरणाऱ्या बाईला शाल कसली देता? छत्री द्या, बॅटरी द्या. आणि वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून कितीजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ मागे लागते. ग्रामपंचायतीनं आपल्या संडासाची किल्ली त्यांच्याकडे दिली तरी निम्मं काम होईल.

तर पहिलं, जामखेडसारखी मन मोकळं करायची बैठक. आठ-दहा जणी, दीड तास, वार ठरलेला. कामाच्या वेळेत, येण्याजाण्याचं भाडं देऊन. रविवारी बोलावलंत तर ती शिक्षाच. ज्यांच्या सहीवर मानधन निघतं, त्या साहेबांनी तिथं बसायचं नाही. प्रत्येकीला पाच मिनिटं, मध्ये सल्ला नाही, कुठल्याही घराचं नाव घ्यायचं नाही. आणि रजिस्टर खोलीबाहेर. पुन्हा सांगतो, रजिस्टर बाहेर. ते आत आलं की पंधरा मिनिटांत आढावा बैठक सुरू होते, किती भेटी झाल्या, किती राहिल्या, आणि बोलणारी गप्प होते. फोटोही नको.

दुसरं, वाईट घटना घडते तेव्हा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. मध्येच बाळ दगावलं तर तिचाही जीव तुटतो, वरून माहिती तिनंच भरायची. त्याच दिवशी गटप्रवर्तकांनी, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंनी, फोन करावा. "तुमचं कुठं चुकलं?" हा पहिला प्रश्न नको. "जेवलात का? सोबत कोण आहे?" एवढं पुरे. सगळं सविस्तर सांगा म्हणून भरीला पाडू नका, त्यानं उलट त्रास वाढू शकतो. त्या घरी पुढची भेट जोडीनं ठेवा.

घरच्यांनीही लक्ष ठेवावं. दोन आठवडे झोप लागत नसेल, ठरावीक घर टाळून ती पुढं जात असेल, सारखी चिडचिड होत असेल, तर बैठक पुरणार नाही, डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटीला सोडू नका. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवरची सरकारी सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या, १४४१६. एक, चार, चार, एक, सहा.