घरातील विषे आणि आपली कुत्री-मांजरे

नमस्कार. आज आपण कुत्र्या-मांजरांना घरात आणि बागेत होणाऱ्या विषबाधेविषयी बोलणार आहोत. सुरुवात मी औषधांच्या डब्यापासून करते, कारण तिथली चूक बहुधा मायेपोटी घडते.

मांजराचे अंग गरम लागते, ते कोपऱ्यात मलूल पडून असते, आणि घरातले कोणीतरी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून देते. हे औषध निर्धोकपणे शरीराबाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मांजरात फारच तोकडी असते. त्यामुळे तयार होणारे घातक घटक रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवतात आणि रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो. कुत्र्यांना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिल्यास जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून माणसांची वेदनाशामके प्राण्यांना स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या परमेथ्रिनयुक्त औषधाचे थेंबही मांजराला लावू नका. त्याने झटके येतात.

फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि नंतर पंजे चाटते. फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवले, तर हा धोका टळतो.

उंदरांच्या औषधाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण यात सर्वाधिक फसगत होते. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला कुत्रा पुढचे दोन-तीन दिवस नेहमीसारखा जेवतो, खेळतो, आणि आपण निर्धास्त होतो. त्याच काळात ‘के’ जीवनसत्त्वाचे काम बंद पडून रक्त गोठवणारे घटक संपत जातात. मग हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येते, छातीत रक्त साचून श्वास अडतो. वडी खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठला, तर ‘के-1’ जीवनसत्त्वाच्या काही आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक प्राणी वाचतात.

झिंक फॉस्फाइड, म्हणजे पिठाच्या गोळीत मिसळतात ती करडी-काळी पूड, इतका अवधी देत नाही. जठरातील आम्लाशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. ज्या घरात प्राणी आहे, तिथे माझ्या मते फक्त पिंजराच लावावा.

स्वयंपाकघरातील कांदा-लसूण, कच्चा असो वा शिजलेला, तांबड्या रक्तपेशी फोडतो. मांजराला तो अधिक बाधतो. कुत्र्यांना द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले शुगर-फ्री च्युइंगगमही वर्ज्य आहे.

बागेत कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयाला घातक असतो. सोसायट्यांच्या फाटकाशी शोभेसाठी लावलेल्या सायकसचे बी चघळल्यास कुत्र्याचे यकृत निकामी होऊ शकते. फुलदाणीतील खऱ्या लिलीचे अंगावर पडलेले परागकण चाटूनही मांजराची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. मनी प्लँटने तोंडाची आग होते आणि लाळ गळते, पण जीव सहसा जात नाही. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकलेले मेटाल्डिहाइडचे दाणे कुत्रे चवीने खातात आणि त्यांना झटके येतात. ते दाणे उघड्यावर टाकू नका.

विषबाधेची शंका आली, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, कारण मिठाचीच बाधा होऊ शकते. फिनाइल किंवा रॉकेल पोटात गेले असेल, तर उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. दूध पाजल्यानेही विष उतरत नाही. पशुवैद्यांना फोन करून प्राण्याचे वजन, काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले, हे सांगा आणि औषधाचे वेष्टन सोबत न्या. प्राण्याने झिंक फॉस्फाइड खाल्ल्याची शंका असेल, तर गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा, कारण उलटीतून सुटणारा वायू तुम्हालाही बाधू शकतो.