दवाखान्याचा कचरा जळाला, पण राखेचं काय?

नमस्कार मंडळी! दवाखान्यातला कचरा भट्टीत गेला की विषय संपला असं आपल्याला वाटतं, पण तसं नाहीये, तळाशी राख उरते आणि आज मला तिच्याबद्दलच बोलायचंय. चुलीतली राख आपण भांड्यांना लावतो, वांग्याच्या रोपांवर टाकतो, ती सवय इथं अजिबात चालणार नाही.

आगीत जंतू मरतात, कापूस-बँडेज जळतं, पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे धातू काही जळत नाहीत, कचरा कमी होतो आणि धातू उरलेल्या राखेत गोळा होतात. तळाच्या जाडसर राखेत काचा, कधी सुयाही निघतात. पण जास्त डेंजर ती धुरातून पकडलेली बारीक राख. पीव्हीसी प्लास्टिकची युरिन बॅग किंवा सलाईनची नळी जळली की क्लोरीन सुटतो, धातूंना धरतो आणि पाण्यात पटकन विरघळणारे क्षार बनतात, शिवाय धूर गार होताना डायॉक्सिन नावाचं विष तयार होऊन याच राखेला चिकटतं.

म्हणून दवाखान्याच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत या नळ्या-बॅगा लाल पिशवीत टाकायला सांगितलंय, पिवळ्या पिशवीतलंच भट्टीत जातं. भट्टीच्या दुसऱ्या चेंबरमध्ये १०५० डिग्रीच्या आसपास तापमान आणि धुराला किमान २ सेकंद तिथं थांबवणं हेही नियमात आहे. पण माझं ठाम मत आहे, राख किती विषारी होणार ते वॉर्डातल्या बादलीपाशीच ठरतं. आणि यात मावशी-मामांना दोष देऊ नका, लाल पिशव्याच संपल्या असतील तर त्यांनी काय करायचं? पिशव्या पुरवणं, शिकवणं हे मॅनेजमेंटचं काम आहे.

आता राख टाकायची कुठं? आधी लॅबमध्ये टेस्ट करायची, आम्लाच्या पाण्यात घोळवून किती धातू सुटतो ते बघतात, शिसं लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा कॅडमियम १ मिलिग्रॅमपर्यंत पोचलं तर ती घातक कचऱ्यात गेली. मग तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्यासारख्या घातक कचऱ्याच्या साइटवर पाठवायची, तिथं सिमेंट-चुना मिसळून ती घट्ट करतात आणि अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात, झिरपलेलं पाणीही वेगळं गोळा करतात.

भट्टीवरच्या कामगारांनो, राख गार होऊ द्या, पाणी मारून मगच उपसा, मास्क आणि जाड हातमोजे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि ऐकणाऱ्यांनो, रस्त्याच्या भरावात किंवा नाल्याकाठी अशी राख दिसली तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.