हिरवा ठसा, गुलाबी ठसा

मंडळी, सुरुवात बाजारातल्या टोपलीपासून करू. पावसाचे दोन-चार दणके बसले की सात्या, म्हणजे खायची रानअळंबी, येतात. कोणी टेकोडे म्हणतं. वारुळाखाली वाळवी जी बुरशी पोसते, तिचीच ही छत्री. शास्त्रातलं नाव टर्मिटोमायसीस. तिची खूण म्हणजे जमिनीत खोल, थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं लांब मूळ. पण टोपलीत येईपर्यंत देठ मोडलेला असतो, म्हणजे मुख्य पुरावा रानातच राहिला!

त्याच दिवसांत लॉनवर, मैदानात ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. शिजवलं म्हणून विष जातंच असं नाही. कोवळेपणी हिच्या छत्रीखालचे पापुद्रे पांढरेच असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

मग करायचं काय? छत्री कापा, पापुद्रे खाली येतील अशी पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर हात लावू नका. सकाळी कागदावर बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा उमटतो. सातीचा फिकट गुलाबी, क्लोरोफायलमचा मळकट हिरवा. खरं सांगू, निम्मं काम या कागदावरच होतं. मायक्रोस्कोप येतो तो ठसा पुसट असेल तेव्हा, किंवा दोन रंगांवरून घरात भांडण लागेल तेव्हा.

सुईच्या टोकावर ठशाची चिमूटभर पूड, स्लाइडवर पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप. सातीचा बीजाणू साधारण 6 ते 9 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, गुळगुळीत, पातळ कवचाचा. क्लोरोफायलमचा त्याहून मोठा, जाड कवचाचा, आणि एका टोकाला सुरीने कापल्यासारखा सपाट. ते सपाट टोक एकदा दिसलं की विसरत नाही. मेल्झरचं आयोडीनचं द्रावण घातलं तर हा तांबूस तपकिरी होतो; सातीचा होत नाही.

मापाचं मात्र सांभाळा. आयपीसमधली, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातली, पट्टी नुसत्या रेघा दाखवते. एक रेघ किती मायक्रॉनची, हे प्रत्येक लेन्सला वेगळं ठरवून घ्यावं लागतं. माझ्या यंत्रावर 40 च्या, म्हणजे 40 पट मोठं दाखवणाऱ्या, लेन्सला एक रेघ अडीच मायक्रॉन, 100 च्या लेन्सला एक. एकदा मी 100 च्या लेन्सखाली मोजलं आणि गुणलं अडीचने. सात मायक्रॉनचा बीजाणू साडेसतराचा झाला! वर मी ऐटीत वहीत लिहिलं, ‘नवीन काहीतरी सापडलंय.’ मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, लेन्स कोणती लावली आहे?” त्या वहीचं ते पान मी अजून फाडलेलं नाही.

“आमची माय तर हात लावताच ओळखते, सर,” असं मघाशी कोणी म्हणालं. ओळखते, मान्य. पण ती वारुळावरून स्वतः खुडून आणते, मूळ बघते, जागा बघते. तुमच्यापुढे असते ती जागेचा पत्ता नसलेली छत्री. आणि यंत्र फार तर जात सांगेल. खावं की नाही, हे विचारायला माझ्याकडे येऊ नका, अनोळखी छत्री मी स्वतः खात नाही.

बरं, मागच्या टेबलावर दोन्ही ठसे मांडलेत, रात्रीच घेतले. एकेकाने या. डावीकडच्या मायक्रोस्कोपवर 100 ची लेन्स तेलात आहे. 40 ची चुकूनही त्या तेलात फिरवू नका.